थांबायच्या जागा

एका फुलपाखरू-वॉकमध्ये घडलेली गोष्ट, तशी अगदी बारीक. वाटेच्या कडेला माकडलिंबूचं कमरेएवढं झुडूप होतं आणि त्याच्याभोवती कॉमन मॉर्मन या फुलपाखराची मादी घिरट्या घालत होती. घोळक्यात मागे राहिलेली एक मुलगी ते बघत थांबली. पुढून लीडरचा आवाज आला, "मॉर्मन ना? ती झाली आपली. चल, पुढे ओढ्यावर भरपूर आहेत." मुलगी निघाली. यादीत मॉर्मनपुढे खूण सकाळीच पडली होती, म्हणजे हिशेबाला काही चुकलं नव्हतं. तरी ते खटकलं ते खटकलंच, कारण त्या दिवशीच्या अख्ख्या वॉकमध्ये त्या झुडपापाशी जे चाललं होतं त्याच्या तोडीचं पुढे ओढ्यावर काहीच नव्हतं.

ती मादी फुलावर बसत नव्हती, बसणारही नव्हती. अंडी घालायला आलेली मादी तिच्या उडण्यावरून ओळखू येते. मकरंदासाठी फिरणारं फुलपाखरू फुलावरून फुलावर सरळ जातं. ही मात्र पानापानाशी घुटमळते, पंख सतत फडफडत ठेवते, एका पानावर पाय टेकवते आणि लगेच सोडते. हे पाय टेकवणं म्हणजे चव घेणं. तिच्या पायांच्या टोकांना वनस्पतीतली रसायनं कळतात, आणि पुढच्या पायांनी पानावर टपटप केलं की हे लिंबाच्या कुळातलं पान आहे की नुसतंच तसं दिसणारं, याचा निकाल लागतो. पान पसंत पडलं की पोट खाली वळवायचं, कोवळ्या पानाला एक अंडं चिकटवायचं आणि उडायचं. सगळं दोन-तीन सेकंदांत. अंडं जेमतेम मिलिमीटरभर, गोल, फिकट पिवळसर. मादी गेल्यावर त्याच पानाशी जाऊन पाहिलं तर ते दिसतं. पान नेमकं कुठलं ते मात्र तिच्यावर नजर ठेवलेली असेल तरच कळतं. शेजारच्या पानांवर जुनी अंडी निघू शकतात आणि पक्ष्याची शीट पडल्यासारखी दिसणारी, तपकिरी-पांढरी, अर्ध्या बोटाएवढी अळीही. तिला काडीने डिवचायची गरज नाही, नुसती जोरात फुंकर घातली तरी डोक्यामागून शिंगांसारखा लाल अवयव बाहेर येतो आणि उग्र वास सुटतो. एकदा दाखवायला पुरे. पुन्हापुन्हा करू नये, त्यात तिची शक्ती जाते.

शिवाय कॉमन मॉर्मनच्या मादीला "झाली" म्हणणं जरा धाडसाचंच. तिची तीन रूपं आहेत. एक नरासारखं काळं, मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांचा पट्टा असलेलं. दुसरं कॉमन रोझ या वेगळ्याच फुलपाखरासारखं, तिसरं क्रिमझन रोझसारखं. रोझच्या अळ्या ईश्वरीच्या वेलीवर वाढतात आणि त्या वेलीचं विष अंगात बाळगतात, म्हणून पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. मॉर्मनची मादी त्यांचे नुसते कपडे घालून फिरते. ओळखायची खूण पंखांवर नाही, अंगावर आहे. रोझचं अंग लाल असतं, मॉर्मनचं काळं. उडताना हे दिसत नाही. बसल्यावर दिसतं, आणि बसेपर्यंत थांबावं लागतं.

थांबणं हीच तर अडचण आहे.

वॉक या शब्दात चालणं आहे आणि लोक चालायच्या तयारीने येतात. पण तीन तासांच्या चांगल्या वॉकमध्ये अंतर किलोमीटर-दीड किलोमीटरच्या वर जात नाही. त्याहून जास्त झालं तर ती जंगलातली सहल झाली, चांगली गोष्ट आहे, पण वेगळी. सह्याद्रीत फुलपाखरांच्या सव्वातीनशेहून जास्त जाती नोंदल्या गेल्यात, त्यामुळे आकड्याचा मोह पडतोच. सप्टेंबरात 'बिग बटरफ्लाय मंथ' हा फुलपाखरं नोंदवायचा देशभरचा उपक्रम असतो, २०२० पासून सुरू झालेला, तेव्हा तर प्रत्येक गटाला आपली यादी लांब हवी असते. मोजण्याशी भांडण नाही. मोजायचंच असेल तर त्याची शिस्त आहे: ब्रिटनमध्ये १९७६ पासून चालत आलेल्या पद्धतीत ठरलेल्या वाटेवरून सारख्या वेगाने जायचं, दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर आणि समोर पाच मीटर एवढ्या चौकटीतलंच मोजायचं, आणि तीच वाट आठवड्या-आठवड्याने, वर्षानुवर्षं चालायची. तिथे झुडपापाशी रेंगाळलात तर आकडा बिघडतो. पण दहा-बारा नवखे लोक घेऊन सुट्टीच्या सकाळी निघालेला वॉक हा तसला नव्हेच. त्याला मोजणीचा वेगही नाही आणि बघण्याची फुरसतही नाही, असं दोन्हीकडून कुठलंच नसणं बऱ्याच वॉकच्या नशिबी येतं.

वेळेपासूनच गडबड सुरू होते. पक्षी बघणाऱ्यांच्या सवयीने लोक पहाटे सहाला जमतात आणि मग दोन तास पानांवर दव बघत बसतात. फुलपाखराला स्वतःची ऊब नसते. छातीतले उडण्याचे स्नायू साधारण ३० अंशांच्या आसपास तापले नाहीत तर त्याला धड उडता येत नाही, आणि हे तापवणं सूर्याच्या हाती. म्हणून पावसाळा सरल्यावरच्या दिवसांत साडेआठ-नऊला सुरुवात पुरते. पहाटेची हौसच असेल तर करंजाच्या पानांखाली बघावं, कॉमन बँडेड ऑल उजाडताना आणि मावळतीला उडणारं आहे, तेवढं एक पदरात पडतं. बाकी मंडळी साडेनऊनंतर. पहिला थांबा नेहमी पूर्वेकडून ऊन येणारा, म्हणजे झाडीतली मोकळी जागा, वाटेचं वळण, दगडांचा बांध. पॅन्सी जातीची फुलपाखरं तिथे जमिनीवर पंख सपाट उघडून बसलेली सापडतात. ही वेळ दिवसातली सगळ्यात सोपी. अंग तापलेलं नसतं, त्यामुळे ती लांब पळत नाहीत. एकदा ऊन चढलं की तेच पॅन्सी दहा फुटांवरून उडतं.

जवळ जाण्याचं तंत्र सांगायला सोपं आहे. फुलपाखराला रेषा न् रेषा दिसत नसली तरी हलणारी सावली तत्काळ कळते. सावली अंगावर पडली की ते उडालंच. त्यामुळे ऊन कुठून येतंय हे आधी बघायचं, मग पाऊल. इथे फोटो काढणाऱ्यांची पंचाईत होते: उजेड पाठीशी हवा असतो, आणि उजेड पाठीशी असला की सावली पुढे पडते. त्यावर उपाय बाजूने जाण्याचा, ऊन खांद्यावरून येईल असा कोन धरून. कमरेत वाकायचं, हात अंगासरशी ठेवायचे, आडवी हालचाल टाळायची आणि सरळ रेषेत पुढे सरकायचं. पंख उघडझाप करायला लागले की जागच्या जागी थांबायचं. मिटून स्थिर झाले की पुन्हा अर्धं पाऊल. मीटरभर अंतरापर्यंत हे सहज जमतं. फोटो घेताना कॅमेऱ्याच्या लेन्सची काच पंखांच्या पातळीला समांतर हवी, नाहीतर एक टोक स्पष्ट आणि दुसरं धूसर. आणि उडालं तर मागे धावायचं नाही. ग्रेट एगफ्लायचा नर, ब्लू पॅन्सी, अशी आपापला इलाखा राखणारी मंडळी घुसखोराला हाकलून बहुधा त्याच फांदीवर, त्याच दगडावर परत येतात. मिनिटभर पुतळा होऊन उभं राहणारा जिंकतो, धावणारा फक्त घामाघूम होतो. (घामाचाही उपयोग होतो म्हणा. कधी कधी एखादं फुलपाखरू हातावर बसून तो सोंडेने टिपायला लागतं, आणि मग त्या माणसाला अर्धा तास हलवता येत नाही.)

दुर्बीण आणायचीच तर कितीपट मोठं दाखवते याच्या आधी ती किती जवळचं दाखवते ते बघावं. पक्ष्यांसाठीच्या कितीतरी दुर्बिणी तीन-चार मीटरच्या आतलं धूसर दाखवतात. फुलपाखरासाठी दोन मीटर किंवा त्याहून कमी हवं. आठपट पुरते. ती नसेल तर पक्ष्यांची दुर्बीण उलटी धरून दुसऱ्या टोकाने जवळून बघा. ती भिंगासारखी चालते.

अरुंद पायवाटेवर बारा लोक एका रांगेत असतात तेव्हा पहिल्या तिघांना फुलपाखरू दिसतं, पुढच्या चौघांना उडताना दिसतं आणि उरलेल्यांना "अरे, आत्ता होतं" एवढं ऐकू येतं. मागच्यांचा दिवस असाच जातो, आणि तक्रार करायला त्यांना लाज वाटते. कसलेला लीडर रांग फिरवत ठेवतो, प्रत्येक थांब्यावर शेवटच्याला पुढे घेतो. त्याहून चांगलं म्हणजे लोकांना फुलपाखरापाशी न्यायचंच नाही, फुलपाखरू येईल तिथे आधी बसवायचं. दिंडा फुललेला असेल तर त्याच्यासमोर अर्धवर्तुळ करून बसलं की वीस मिनिटांत जे येतं ते चालून तासाभरात दिसत नाही. त्यासाठी लीडरला फुलपाखरांच्या आधी झाडं यायला लागतात. रुई दिसली की प्लेन टायगर फुलपाखराची पट्टेरी अळी शोधायची, आंब्याच्या खालच्या पानांवर मधली शीर जरा जाड वाटली तर ती कॉमन बॅरनची अळी असू शकते, बहावा आणि टाकळा एमिग्रंटसाठी, कारवीच्या रानात ब्लू ओकलीफसाठी झाडांच्या खोडांवर नजर. ओकलीफ खोडावर डोकं खाली करून बसतं आणि पंख मिटले की वाळकं पान, देठासकट. त्याला शोधायचं तर फुलांकडे पाहणं फुकट. झाडातून झिरपणारा चीक आणि सडकी फळं, तिकडे.

फुलपाखराच्या मागे लागलेले लोक वर बघत चालतात, झाडं ओळखणारे खाली. ठेचा कोणाला लागतात ते सांगायला नको.

ओढ्याकाठचा चिखल हे सगळ्यांचं आवडतं ठिकाण, आणि तिथली गर्दी वाखाणण्यासारखी असते हेही खरं. साधारण दहानंतर, ऊन ओल्या मातीवर आलं की, कॉमन ब्लूबॉटल, कॉमन जे, एमिग्रंट, अल्बट्रॉस ही फुलपाखरं एकमेकांना खेटून सोंडा मातीत खुपसून बसतात. पाणी एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने थेंबाथेंबाने बाहेर. ठेवून घ्यायचे ते क्षार, मुख्यतः सोडियम. चिखलपान करणारे जवळजवळ सगळे नर असतात. हे मीठ ते मीलनाच्या वेळी मादीला देतात आणि ते अंड्यांच्या कामी येतं. म्हणजे माकडलिंबूवरचं अंडं आणि ओढ्यावरची गर्दी या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, आणि त्यातली एक बाजू "झाली" म्हणून सोडून दुसरीकडे पळणं हेच मुळात अर्धवट बघणं होतं. असो. चिखलावर जाताना उभ्याने जाऊ नये. दहा-पंधरा फुटांवर बसून घ्यावं आणि बसल्याबसल्या सरकावं. त्यांना उडवते ती सावली, ओरडणं नव्हे; माणसं आवाजाची उगीच धास्ती घेतात. हळू बोलण्याने काही उडत नाही, पाय आपटल्याने उडतं. घोळका उडालाच तर जागा सोडू नका. पहिलं परतलं की बाकीची त्याच्या शेजारी उतरतात, पाच-सात मिनिटांत मैफल पुन्हा जमते. काही लीडर आदल्या दिवशी तिथे मिठाचं पाणी किंवा सडकी केळी टाकून ठेवतात. बागेत चालेल, जंगलात नको. तिथे मुंग्या, माकडं आणि पुढचा गट, तिघांनाही चुकीची सवय लागते.

ढग आला की लोक निराश होतात. अर्ध्या मिनिटात सगळं हवेतलं रंगकाम गायब. खरं म्हणजे हीच वेळ ओळख पटवण्याची. ढग येताना नजर सोडायची नाही, कोण कुठल्या पानाखाली शिरलं ते लक्षात ठेवायचं आणि ऊन परतेपर्यंत जाऊन बघायचं. थंडावलेलं फुलपाखरू पंख मिटून लटकलेलं असतं, म्हणजे खालची बाजू निवांत दिसते, आणि निम्म्या ओळखी खालच्या बाजूवरच ठरतात. ग्रास यलो उडताना सगळी सारखीच पिवळी. बसल्यावर पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला, मुळाशी असलेल्या कप्प्यातले ठिपके मोजायचे: दोन असतील तर कॉमन, तीन असतील तर थ्री-स्पॉट. त्यातही ठिपके पुसट पडतात, म्हणून एका फोटोवर निकाल देऊ नये. ब्लू गटातली छोटी मंडळी तर वरून काढलेल्या सुंदर निळ्या फोटोंवरून ओळखायला देणं म्हणजे छळ आहे. वरची बाजू एक, खालची एक, आणि बसलेल्या झाडाचा एक, असे तीन फोटो असतील तर बोलता येतं. आणि याच गटातल्या सेरुलियनांपैकी नेमकं कोणतं ते ठरत नसेल तर 'सेरुलियन, नेमकं ठरलं नाही' असं लिहून मोकळं व्हावं. यादीत चुकीचं नाव घालण्यापेक्षा ते बरं. ती नोंद पुढे कोणीतरी वितरणाच्या नकाशात टिंब म्हणून वापरतो.

प्लेन टायगर समजून सोडून दिलेली डॅनाइड एगफ्लायची मादी हा नेहमीचा अपघात. रंग तोच केशरी, पंखाच्या टोकाला तोच काळा भाग आणि पांढरे ठिपके. फरक मागच्या पंखात. प्लेन टायगरच्या मधोमध तीन-चार काळे ठिपके असतात, एगफ्लायला वरच्या कडेशी एकच. "टायगरच आहे" म्हणून पुढे गेलेल्यांपैकी किती जणांनी एगफ्लाय पाहिलेली असते आणि त्यांना पत्ताही नसतो.

ऑक्टोबर संपत येतो तशी खुळखुळ्याची झुडपं बघण्याजोगी होतात. वाळकी, खुडलेली, कोणीतरी उपटून टाकलेली असतील तर जास्तच. ब्लू टायगर, स्ट्राइप्ड टायगर, क्रो या फुलपाखरांचे नर तिथे गर्दी करतात, मकरंदासाठी नव्हे; पायांनी ओरबाडून झाडातली कडू रसायनं घेतात आणि त्यांतून मादीला रिझवायचा गंध तयार करतात. त्या नादात ते इतके बेभान असतात की नवख्याला पहिला चांगला फोटो तिथेच मिळतो. मात्र याच दिवसांत खाजकुयलीच्या शेंगा पिकतात. तपकिरी मखमली शेंग, वेल कशावरही चढलेली, आणि वाऱ्यानेसुद्धा कुसं उडतात. लागलंच तर चोळू नये, लगेच पाणी ओतू नये. चिकटपट्टी दाबून कुसं काढावीत, मग साबणाने धुवावं. पूर्ण बाह्यांचा सदरा एवढ्यासाठीच घालायचा असतो, फिकट-मातकट रंगाचा. पावसाळ्यात जळवांसाठी पँटवर मोजे चढवायचे, त्यात लाज कसली.

साडेबारानंतर बरेच वॉक गुंडाळतात. ते योग्य आहे, लोक दमतात. पण दाट सावलीतल्या पालापाचोळ्यात बुशब्राउन तेव्हाही भेटतात, आणि त्यांच्याकडे बघितलं तर ऋतू कळतो. पावसाळी पिढीच्या पंखांवर डोळ्यांसारखी ठळक वर्तुळं असतात, कोरड्या दिवसांतल्या पिढीत ती टिंबांएवढी उरतात किंवा नाहीशी होतात. हिरवळीत पक्ष्याची चोच डोक्याऐवजी पंखाच्या कडेला वळवायला डोळे कामाचे, वाळक्या पानांत मात्र न दिसणंच कामाचं. नोव्हेंबरात दोन्ही पिढ्या शेजारीशेजारी मिळतात आणि लोक त्यांची दोन वेगळ्या जाती म्हणून नोंद करतात.

राहता राहिली घाणेरी. कुठल्याही जंगलात हमखास थांबायची जागा कोणती विचारलं तर खरं उत्तर घाणेरीचं आहे. बाराही महिने फुलं, नळीत भरपूर मकरंद, ब्लू मॉर्मनपासून ग्रास यलोपर्यंत सगळे हजर. ब्लू मॉर्मन हे महाराष्ट्राचं राज्य-फुलपाखरू, २०१५ साली जाहीर झालेलं, त्याचे कितीतरी देखणे फोटो या परदेशी तणावरच काढलेले असतात. आणि हीच घाणेरी खालची जमीन झाकून टाकते, माकडलिंबू, ईश्वरी, खुळखुळा यांना उगवू देत नाही. तिच्या पानांवर आपल्याकडच्या फुलपाखरांच्या अळ्या सहसा वाढत नाहीत. जेवायला सगळे, नांदायला कोणी नाही. ती उपटायची मोहीम निघते तेव्हा फुलपाखरूवाल्यांचे चेहरे उतरतात, कारण पुढची दोन वर्षं त्या वळणावर काहीही दिसणार नसतं. एकदम सगळी न उपटता पट्ट्यापट्ट्याने काढावी, आधी दिंडा आणि भारंगी लावून ती फुलू द्यावीत, मग पुढचा पट्टा घ्यावा, हे आमच्यातल्या बहुतेकांना पटतं. प्रत्यक्षात पावसाळ्याआधी माणसं आणि निधी एकदमच मिळतो, आणि एकदमच संपवावा लागतो, त्यामुळे तसं क्वचित होतं. तोवर त्या जाळीपाशी दहा मिनिटं थांबावं, फोटो काढू द्यावेत, आणि मग सगळ्यांना खाली वाकून तिच्या बुंध्याशी काय काय उगवलेलं नाही ते बघायला सांगावं.